पाऊस पिणारा किनारा

"ओहोटी कधी लागते हो इथं?" देवगडच्या काकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

आम्ही पिरानच्या धक्क्यावर पाय सोडून बसलो होतो. स्लोव्हेनियाच्या वाट्याला समुद्रकिनारा आलाय तो जेमतेम ४७ किलोमीटर, म्हणजे सीएसएमटीहून लोकलनं डोंबिवली गाठावी एवढा. त्यावरचं पिरान हे सर्वांत देखणं गाव. घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. ना पुळण, ना चिखल, ना खाजण. काकांचा सगळा जन्म भरती-ओहोटीच्या वेळा पाहण्यात गेलेला. तासभर बसूनही पाणी मागं सरत नाही म्हटल्यावर त्यांना चैन पडेना.

आम्ही तेवीस जण होतो. एका बसमधून ॲड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यानं निघालो होतो. सुरुवात इटलीच्या ट्रिएस्तेला, मग स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बॉस्निया-हर्जेगोविना आणि शेवटी माँटेनेग्रो. ग्रुप टूरला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. धावपळ होते, निवांतपणा मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंही आहे. पण एकटी गेले असते तर मला देवगडच्या काकांचा प्रश्न मिळाला नसता. मी त्या धक्क्यावर फोटो काढले असते आणि पुढं गेले असते. त्या प्रश्नानं माझा सगळा प्रवास बदलला. पुढचे अकरा दिवस मी या किनाऱ्याला एकच विचारत होते: तू असा का आहेस?

आधी काकांचं उत्तर. भरती-ओहोटी म्हणजे चंद्र-सूर्याच्या ओढीनं महासागरात उठणारी लांबलचक लाट. आपला अरबी समुद्र हिंदी महासागराला सताड उघडा आहे. त्यात मुंबईसमोरचा समुद्रतळ उथळ आणि लांबवर पसरलेला, वर उत्तरेला खंबातचं आखात निमुळतं होत गेलेलं. उथळ पाण्यात शिरलेली ती लाट दाटीवाटीनं उंच होते, म्हणून मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. भूमध्य समुद्राचं तसं नाही. महासागराकडं उघडणारं त्याचं दार म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी, अवघी चौदा किलोमीटर रुंद. महासागराची लाट त्या दारातून फारशी आत येऊच शकत नाही. ॲड्रियाटिक हा त्याच भूमध्य समुद्राचा उत्तरेला गेलेला आठशे किलोमीटरांचा बोळ. बोळाच्या बंद टोकाशी, म्हणजे पिरानकडं, पाणी जरा तुंबतं आणि अमावास्या-पौर्णिमेला मीटरभर हलतं. खाली दुब्रोव्निककडं जावं तर दीड वीत.

"म्हणजे इथल्या कोळ्याला चंद्राकडं बघायचं कारण नाही," काका म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले.

पिरानच्या दक्षिणेला सेचोव्हलेची मिठागरं आहेत. आमच्यात उरणच्या दोघी बहिणी होत्या, त्यांच्या आजोबांचं मिठागर होतं. बसमधून उतरल्याबरोबर त्यांनी कोंड्या, बांध, पाणी फिरवायच्या वाटा सगळं ओळखलं. एक गोष्ट मात्र त्यांना नवीन होती. इथं मीठ चिखलावर पिकत नाही. कोंडीच्या तळाशी सूक्ष्म शैवाल आणि जिवाणूंचा एक पातळ, चिवट थर जाणूनबुजून वाढवतात. त्याला 'पेतोला' म्हणतात. थर पक्का झाला की मीठ त्याच्यावर बसतं, खालच्या गाळाचा स्पर्श त्याला होत नाही, म्हणून ते पांढरंशुभ्र निघतं. ही रीत तिथं शेकडो वर्षं चालू आहे आणि दर हंगामात त्या थराची निगा राखावी लागते. जिवंत गालिच्यावर मीठ पिकवायचं, ही कल्पनाच मला फार सुंदर वाटली. थोरल्या बहिणीनं खाली बसून त्या थरावरून हलकेच बोट फिरवलं, जसं आपण लोणच्याच्या बरणीवरचं फडकं चाचपतो तसं.

इथून पुढं गोष्ट दगडाची आहे.

ट्रिएस्तेच्या मागं एक पठार आहे. स्लोव्हेनियन भाषेत त्याचं नाव 'क्रास'. जर्मन लोकांनी त्याचं 'कार्स्ट' केलं आणि जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत चुनखडीच्या विरघळणाऱ्या प्रदेशाला आज हेच नाव आहे. चीनमधल्या सुळक्यांना कार्स्ट म्हणा की मेघालयातल्या गुहांना, नाव या एका छोट्या पठाराचं. सर्बियन भूगोलतज्ज्ञ योव्हान त्स्वियिच यांनी १८९३ मध्ये या भूरूपांवर ग्रंथ लिहिला आणि स्थानिक लोकांच्या तोंडचे शब्दच शास्त्राचे शब्द झाले. जमिनीतला वाडग्यासारखा खळगा म्हणजे 'डोलिना', डोंगरांनी वेढलेलं सपाट शेत म्हणजे 'पोल्ये', नदी गिळणारं भोक म्हणजे 'पोनोर'. शेतकऱ्यांचे शब्द विद्यापीठांनी जसेच्या तसे उचलले, हे मला त्या शास्त्राचं मोठेपण वाटतं.

हा दगड आला कुठून? आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांतून उभा राहिला, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. इथला डोंगर त्याच्याही आधी कोट्यवधी वर्षं एका उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी साचत होता. शिंपले, प्रवाळ, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची कवचं. पुढं आफ्रिकेच्या बाजूनं येणाऱ्या रेट्यानं हे थर दुमडले, उचलले गेले आणि किनाऱ्याला समांतर अशा रांगा उभ्या राहिल्या. ट्रिएस्तेच्या एका पायरीवर आमच्या ग्रुपमधल्या निवृत्त शिक्षकांनी मला गोल-गोल खुणा दाखवल्या. त्या रुडिस्ट नावाच्या, कधीच नामशेष झालेल्या शिंपल्यांच्या. आपण जिच्यावर पाय देऊन चढतो ती पायरी एके काळी जिवंत होती.

चुनखडीचा एक गुण सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि सोड्यासारखं किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी सह्याद्रीतल्या बेसाल्टचं पटकन काही बिघडवू शकत नाही. चुनखडीला मात्र ते विरघळवतं. आधी फट, मग भेग, मग बोगदा. पुरेशी वर्षं दिली की पावसाचा थेंब जमिनीवरून वाहायचंच सोडून देतो आणि सरळ खाली जातो.

श्कोत्सियानला आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. 'रेका' नावाची नदी (त्या भाषेत रेका म्हणजेच नदी) चांगली भरभरून वाहत येते, एका प्रचंड कड्याखाली शिरते आणि दिसेनाशी होते. पठाराच्या पोटातून ती चाळीसेक किलोमीटर जाते आणि इटलीत, ट्रिएस्तेच्या वायव्येला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर दगडातून वर येते. तिथं तिचं नाव तिमाव्हो. हीच ती नदी, हे ठरवायला संशोधकांनी पाण्यात खुणेचे पदार्थ मिसळले, खुणा केलेले वाम मासेही सोडले. जमिनीवर दोन देशांची हद्द आहे आणि तिच्याखालून नदी अंधारात चाललेली आहे.

पोस्तोयनाच्या गुहेत आत जायला चक्क आगगाडी आहे, १८७२ पासून. गुहासंकुल चोवीस किलोमीटरांचं. बाहेर ऊन असो की बर्फ, आत बारा महिने दहा अंश. छतातून पाण्याचा थेंब लोंबतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निघून जातो आणि विरघळलेल्या चुन्याचा कणभर अंश मागं उरतो. बोअरचं पाणी तापवून तापवून गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो ना, तेच हे. फरक फक्त वेळेचा. शंभर वर्षांत सेंटिमीटरभर, या चालीनं तिथं वाड्याच्या खांबांएवढे स्तंभ झाले आहेत.

आणि त्या अंधारात एक प्राणी राहतो. वीतभराहून थोडा मोठा, सापासारखा लांब, फिकट गुलाबी कातडीचा, चार इवले पाय, मानेजवळ लाल कल्ले आणि डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. त्याला 'ओल्म' म्हणतात. स्थानिक लोक 'मानवी मासा' म्हणतात, कारण कातडीचा रंग. सतराव्या शतकात व्हाल्वासोर या विद्वानानं लिहून ठेवलंय की, मोठ्या पुरात गुहेतून असे जीव बाहेर वाहून आले की लोक त्यांना ड्रॅगनची पिल्लं समजत. ओल्म अनेक वर्षं अन्नाशिवाय काढू शकतो आणि शंभरीच्या जवळ जगू शकतो. २०१६ मध्ये पोस्तोयनातल्या टाकीत एका मादीची अंडी माणसांच्या डोळ्यांदेखत उबली, २१ पिल्लं जगली, आणि त्या छोट्या देशानं ती बातमी घरच्या बारशासारखी साजरी केली. आमच्यातल्या सर्वांत लहान, नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, "त्याला रात्र कधी होते?" मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

क्रोएशियात आत प्लिट्विचेला गेलात तर दगडाची दुसरी बाजू दिसते. इथं पाणी दगड विरघळवत नाही, बांधतं. सोळा तळी एकाखाली एक, मधल्या बंधाऱ्यांवरून पाणी ओतत असतं. ते बंधारे माणसानं घातलेले नाहीत. चुन्यानं भरलेलं पाणी उतारावरून आपटतं, फेसाळतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि चुना शेवाळावर, बुडलेल्या फांदीवर, पानावर बसतो. आत शेवाळ मरतं, वर नवं उगवतं, बंधारा वर्षाला सुमारे सेंटिमीटरभर वाढतो. गुहेत शंभर वर्षांत जेवढं, तेवढं इथं वर्षात, कारण कामाला जिवंत हात आहेत. तळ्यांत पोहायला बंदी आहे ती यासाठीच. अंगाला लावलेलं एखादं क्रीमही हे काम बिघडवू शकतं.

मग डोंगर उतरून पुन्हा समुद्र, आणि बेटंच बेटं. क्रोएशियाची बेटं, खडक, कातळ मोजले तर बाराशेच्या वर जातात. वस्ती असलेली पन्नासच्या आसपास. शाळेत आपण 'डाल्मेशियन किनारा' असं पाठ केलेलं असतं, अर्थ मात्र बसच्या खिडकीत कळतो. सगळी बेटं लांबट, सगळी किनाऱ्याला समांतर, जणू कुणी भाकरीच्या पिठात बोटं ओढली आहेत. दुमडलेल्या दगडाच्या त्या रांगा आठवा. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या कडाक्यात, जगातलं पाणी बर्फात अडकलेलं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. ॲड्रियाटिकचा उत्तर भाग तेव्हा गवताळ मैदान होता आणि इटलीची पो नदी त्यावरून दूर दक्षिणेपर्यंत वाहत होती. बर्फ वितळला, पाणी चढलं, दऱ्यांचे जलमार्ग झाले आणि डोंगरांचे माथे बेटं म्हणून वर राहिले. कोकणातल्या खाड्याही अशाच, समुद्रानं आत येऊन बुडवलेली नदीमुखं. आपल्या नद्या सह्याद्रीतून पश्चिमेला धावतात म्हणून आपल्या खाड्या किनाऱ्याला आडव्या. इथल्या दऱ्या किनाऱ्याला समांतर, म्हणून पाणीही समांतर.

यातलं एक बेट 'दुगी ओतोक'. म्हणजे लांब बेट. शिक्षक म्हणाले, "दुगी म्हणजे आपलं दीर्घ." आणि तिथून बसमध्ये एक खेळ सुरू झाला तो प्रवास संपेपर्यंत चालला. मध म्हणजे 'मेद'. अग्नी म्हणजे 'ओगान्य'. तीन म्हणजे 'त्रि'. शंभर म्हणजे 'स्तो', आपलं शत. सून म्हणजे 'स्नाहा', संस्कृत स्नुषा. नवऱ्याचा भाऊ म्हणजे 'द्येव्हेर', आपला दीर. एका मावशींना हा शेवटचा शब्द इतका आवडला की दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉटेलातल्या स्वयंपाकीणबाईंना हातवारे करून तो म्हणून दाखवला. त्या बाई हसल्या, त्यांनी आपला दीर कुठं राहतो ते बोटानं खिडकीबाहेर दाखवलं, आणि मावशींना अंजिराच्या मुरंब्याची बाटली दिली. इतक्या दूरच्या दोन बायका एका नात्याच्या शब्दावर पाच मिनिटं बोलल्या. या प्रवासातलं मी सर्वांत जपून ठेवलेलं दृश्य हेच.

वाऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. इथल्या कोरड्या, थंड वाऱ्याचं नाव 'बुरा'. किनाऱ्यामागच्या डोंगरापलीकडं थंड, जड हवा साचते आणि खिंडींतून खाली समुद्रावर कोसळते. हिवाळ्यात तिच्या झोतांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढं गेल्याच्या नोंदी आहेत. पाग बेटाची डोंगराकडची बाजू चंद्रासारखी बोडकी आहे. बुरा समुद्राचं पाणी उडवते आणि खारा थर जमिनीवर बसवते, तिथं झाड टिकत नाही. टिकतात त्या खुरट्या सुगंधी वनस्पती. त्यांवर चरणाऱ्या मेंढ्यांच्या दुधाचं पाग चीज आता जगप्रसिद्ध आहे. ज्या वाऱ्यानं झाडं नेली त्यानंच चव दिली.

झादारला धक्क्याच्या पायऱ्यांखाली वास्तुरचनाकार निकोला बाशिच यांनी २००५ मध्ये ३५ नळ्या बसवल्या. लाट आली की हवा दाबली जाते आणि पायरीतून सूर निघतो. आम्ही गेलो तेव्हा समुद्र शांत होता, सूर खालचे आणि लांब होते. तेवीस मराठी माणसं एका जागी अर्धा तास गप्प बसली, यावरून काय ते समजा. स्प्लिटचं तर निम्मं जुनं गाव रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या वाड्यात राहतं. इ.स. ३०५ मध्ये त्यानं आपणहून सिंहासन सोडलं आणि तो या वाड्यात येऊन राहिला. सातव्या शतकात जवळचं सालोना उद्ध्वस्त झालं तेव्हा निर्वासितांनी या भिंतींचा आसरा घेतला आणि ती माणसं परत गेलीच नाहीत. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या त्या सम्राटाची समाधी आज ख्रिस्ती कॅथीड्रल आहे. वाडा बांधलाय समोरच्या ब्राच बेटाच्या पांढऱ्या दगडात. दगड पुन्हा तोच.

आता सीमा. इतकी वर्षं मला वाटायचं, देशांच्या हद्दी डोंगर-नद्या पाहून पडत असाव्यात. या किनाऱ्यावर त्या जखमांसारख्या आहेत. कुणी कधी कुठं भ्यालं ते सांगणाऱ्या. रियेका शहराचंच बघा. तिथं १९१० मध्ये जन्मलेलं आणि नव्वदीत घर न सोडता गेलेलं माणूस ऑस्ट्रिया-हंगेरी, फिउमेचं (म्हणजे रियेकाचंच) स्वतंत्र राज्य, इटली, युगोस्लाव्हिया आणि क्रोएशिया अशा पाच राज्यांत राहिलं असतं. घर तेच, जिना तोच.

स्प्लिटहून दुब्रोव्निककडं जाताना क्रोएशिया अचानक संपतो. मध्ये वीसेक किलोमीटर बॉस्नियाचा किनारा लागतो, न्यूम नावाच्या गावाचा, आणि मग पुन्हा क्रोएशिया सुरू होतो. हे असं का? दुब्रोव्निक एके काळी रागुसा नावाचं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं आणि व्हेनिस हा त्याचा जुना वैरी. १६९९ च्या कार्लोविट्झच्या तहाच्या वेळी रागुसानं आपल्या उत्तरेची एक पट्टी आणि दक्षिणेची एक पट्टी चक्क तुर्कांना देऊन टाकली. व्हेनिसची हद्द आपल्या हद्दीला भिडू नये, एवढ्यासाठी. रागुसाचं प्रजासत्ताक १८०८ मध्ये बुडालं. तुर्क गेले, ऑस्ट्रिया आली-गेली, युगोस्लाव्हिया आला-फुटला. उत्तरेची ती पट्टी अजून बॉस्नियाकडं आहे. दक्षिणेची माँटेनेग्रोत गेली. व्यापाऱ्यांच्या एका शहराची तीनशे वर्षांपूर्वीची भीती आजच्या नकाशावर शाबूत आहे. २०२२ मध्ये पेल्येशात्सचा २.४ किलोमीटरांचा पूल खुला झाला आणि क्रोएशियाच्या लोकांना आपल्याच देशात जाण्यासाठी दोनदा सरहद्द ओलांडायची गरज राहिली नाही. आम्ही मात्र मुद्दाम न्यूमवरून गेलो. मोस्तार पाहून येत होतो.

मोस्तारबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्या पुलावर मला फार बोलवेना. नेरेत्वा नदीवरची १५६६ ची ती एकच दगडी कमान ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफांच्या माऱ्यानं पडली. २००४ मध्ये जवळच्याच खाणीतला तसाच दगड आणून, जुन्या पद्धतीनं घडवून, ती पुन्हा उभी केली. कमानीखालचं पाणी हिरवंगार होतं आणि काठावर मुलं पोहत होती.

दुब्रोव्निकचा मुख्य रस्ता चुनखडीचा. शतकानुशतकं पावलांनी घासून तो आरशासारखा झालाय. पावसाची सर आली आणि आमच्यातले दोघे घसरले. तटावरून सगळा फेरा जवळजवळ दोन किलोमीटरांचा. या शहरानं १३७७ मध्ये ठरवलं की, साथीच्या मुलखातून येणाऱ्यानं आधी महिनाभर बाहेर राहावं, मगच वेशीच्या आत यावं. पुढं ते दिवस चाळीस झाले आणि चाळीससाठीच्या इटालियन शब्दातून 'क्वारंटाइन' आला. २०२० ची टाळेबंदी काढलेल्या आम्हा सर्वांना त्या भिंतींजवळ निराळंच वाटलं. शहराचा रक्षक संत ब्लेझ. हातात शहराची प्रतिकृती घेतलेली त्याची मूर्ती वेशीवेशीवर आहे. याच संताच्या नावाचं, साव ब्रासचं, सोळाव्या शतकातलं चर्च गोव्यात कुंभारजुव्याजवळ गवंडाळीला आहे. रागुसाच्या व्यापाऱ्यांशी त्याचं नातं असल्याचं सांगतात. गोव्याला जाल तेव्हा तिथंही जा.

दुब्रोव्निकला प्यायचं पाणी पुरवते ती ओम्ब्ला. शहराजवळच एका कड्याखालून ती उसळते आणि तीसेक मीटरवर तिचं समुद्राशी एकरूप होणं सुरू होतं. एवढीशी नदी एवढं पाणी कुठून आणते? डोंगरापलीकडून, बॉस्निया-हर्जेगोविनातून. तिथली त्रेबिश्नित्सा नदी वाटेत जमिनीत झिरपते आणि ते पाणी दगडाच्या पोटातून इथं येतं. कित्येक ठिकाणी तर असं पाणी समुद्राच्या तळातूनच वर येतं. या झऱ्यांना 'व्रुल्या' म्हणतात. मकार्स्काच्या बाजूला पोहताना अचानक अंगाला बर्फासारखा गार पट्टा लागतो. तो डोंगरातला गोड पाऊस, खाऱ्या पाण्यातून वर चढणारा. समुद्र इतका नितळ का, याचं एक कारणही इथंच आहे. नद्या जमिनीखालून, दगडातून गाळून येतात. चिखल आणत नाहीत. समोरच्या इटलीच्या किनाऱ्यावर पो नदी गाळ ओतते, तिथं वाळू आणि गढूळपणा.

शेवटी कोतोरची खाडी. लोक हिला फ्योर्ड म्हणतात, पण फ्योर्ड हिमनदी कोरते. ही बुडालेली नदीची घळ आहे. आतल्या खाडीचं तोंड व्हेरिगेपाशी साडेतीनशे मीटरही रुंद नाही, आणि आत गेलं की दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यातून उठतात. त्याच डोंगरावर, समुद्रापासून जवळच, त्सर्क्वित्से नावाचं गाव आहे. तिथं वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. युरोपातलं सर्वांत जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण म्हणून ते ओळखलं जातं. समुद्रावरून आलेले ओले ढग डोंगराला आपटतात आणि रिते होतात, आंबोलीला होतं तसंच. आणि तरीही त्या डोंगरात पाण्याचा ठणठणाट. घराघराखाली दगडी टाकी, पागोळ्यांचं पाणी साठवायला. दगड पाऊस पडता पडता पिऊन टाकतो.

हे ऐकताना देवगडचे काका पहिल्यांदा जोरानं बोलले. "आमच्याकडं पण हेच. जुलैत घरात पाणी, एप्रिलात विहिरीला तळ." कोकणात ते पाणी उतारावरून काही तासांत समुद्राला मिळतं, इथं ते पाताळात जातं. कारण वेगळं, हंडा तसाच रिकामा. दोन किनाऱ्यांची सोयरीक मला त्या क्षणी जितकी कळली तितकी नकाशावर कधी कळली नव्हती.

खाडीत पेरास्त गावासमोर एक इवलं बेट आहे, त्यावर निळ्या घुमटाचं चर्च. हे बेट माणसांनी केलंय. कोळ्यांना १४५२ मध्ये तिथल्या कातळावर मेरीचं चित्र सापडलं अशी कथा आहे. तेव्हापासून गावानं तिथं दगड टाकायला सुरुवात केली, दगडांनी भरलेली जुनी गलबतंही बुडवली. दरवर्षी २२ जुलैला सूर्य मावळताना होड्या एकमेकींना बांधून रांगेत निघतात आणि बेटाभोवती दगड सोडतात. काकांनी किनाऱ्यावरचा एक गोटा उचलला, हातात बराच वेळ धरला आणि नावाड्याला विचारून पाण्यात सोडला.

जाणार असाल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा घ्या, कारण बॉस्निया आणि माँटेनेग्रो शेंगेनबाहेर आहेत आणि परत आत यावं लागतं. तळाला पकड असलेले बूट घ्या. शक्य असेल तिथं हमरस्ता सोडून जुन्या किनारी रस्त्यानं, तिथले लोक ज्याला मागिस्त्राला म्हणतात त्यानं, न्यायला सांगा. आणि उत्तरेकडून दक्षिणेला जात असाल तर बसमध्ये उजवीकडची खिडकी धरा. समुद्र त्या बाजूला आहे.